उलट टपाली

कचेरीच्या भाषेत काही शब्द असे असतात की, ते रोज लिहूनही त्यांचा अर्थ मनाला कधी शिवत नाही. ‘उलट टपाली कळवावे’ हा त्यांतलाच एक प्रयोग. रायपूरला आल्यापासून आम्ही तो हिंदीत लिहितो. राजभाषा नियम, १९७६ अन्वये छत्तीसगड ‘क’ क्षेत्रात मोडते आणि महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात. ‘ख’मधून ‘क’मध्ये बदलून आलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला ‘लौटती डाक से सूचित करें’ हे वाक्य तिसऱ्या दिवशीच तोंडपाठ होते. गेल्या सात वर्षांत ते आम्ही किती जणांस लिहिले असेल, याची गणती नाही. परंतु ज्याचे उत्तर आम्हीच उलट टपाली द्यावयास हवे होते, असे एक टपाल आमच्या स्वतःच्या ट्रंकेत चार वर्षे पडून होते, ही गोष्ट आम्हांला ह्या उन्हाळ्यात, आणि तीही एका यंत्राच्या हट्टामुळे, कळून आली.

टपाल म्हणजे एक वही. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांना व्यसन असे एकच होते: उलट वाचली तरी तीच राहणारी वाक्ये जमविण्याचे. ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘टेप आणा आपटे’ ही वाक्ये कोणी रचली हे कोणालाच ठाऊक नाही. पण मराठी मुलुखात शाळेत गेलेला आणि ही वाक्ये न ऐकलेला मनुष्य विरळा. आजोबांनी अशी वाक्ये एका जाड वहीत उतरविली होती, आणि त्यांत स्वतःची भर घातली होती. त्यांची रीत मोठी गमतीची होती. डाव्या पानावर ते अर्धेच वाक्य लिहीत, उजवे पान कोरे ठेवीत आणि वही आमच्यापुढे सरकवीत. ‘अर्धे मी लिहिले, अर्धे तू लिही.’ मग आम्ही बोटांवर अक्षरे मोजत, उलट्या पावलांनी परत येत, उजव्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत उत्तर लिहीत असू. त्या वहीत आजोबांचे वळणदार अक्षर डावीकडे आणि आमचे बालाक्षर उजवीकडे असे पुष्कळ पानांवर शेजारी शेजारी बसलेले आहे.

चार वर्षांपूर्वी आजोबांनी ही वही रजिस्टर टपालाने आमच्याकडे रायपूरला पाठविली. आम्ही पहिली दोनचार पाने चाळली, सौभाग्यवतींना आमचे बालाक्षर दाखविले, आणि आठवण म्हणून वही ट्रंकेत ठेवून दिली. त्या वर्षी आमचे क्वार्टर बदलायचे होते. कचेरीत हिशेबतपासणी चालू होती. पाच महिन्यांनी आजोबा गेले. वही ट्रंकेतच राहिली.

ती बाहेर निघाली ती अशी. आमच्या शाखेत जुन्या कागदपत्रांच्या याद्या संगणकावर चढविण्याचे काम आले. हजारो नोंदी, आणि एकेक गाव चार चार तऱ्हांनी लिहिलेले. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याने आम्हांला घाम पुसताना पाहिले आणि म्हणाला, “बड़े बाबू, इसको हाथ से मत कीजिए.” त्याने आम्हांला रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची विद्या दाखविली. आम्ही तिला घरगुती भाषेत ‘साचा’ म्हणतो. नेहमीच्या शोधात आपण यंत्राला शब्द सांगतो. साच्यात आपण शब्दाची ठेवण सांगतो. एक टिंब लिहिले की त्याचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’. ते टिंब कंसात घातले की अर्थ होतो ‘आणि हे चिन्ह लक्षात ठेव’. पुढे तिरपी रेघ आणि एकाचा आकडा लिहिला की ‘पहिल्या कंसात ठेवलेले तेच चिन्ह येथे पुन्हा आले पाहिजे’. कंस, कंस, मध्ये एक मोकळे टिंब, मग दुसऱ्या कंसाची आठवण, मग पहिल्याची: झाला पाच चिन्हांचा साचा, उलटसुलट सारखाच!

हे पाहताच आम्हांला आजोबांची वही आठवली. विलोमपदे शोधण्याचे यंत्रच आमच्या हाती लागले होते. (‘अनुलोम-विलोम’ हे शब्द हल्ली प्राणायामाच्या वर्गात जाऊन बसले आहेत; पण त्यांचे एक जुने घर काव्यशास्त्रातही आहे.) शनिवारी सायंकाळी कूलरच्या घरघरीत आम्ही वही काढली, आणि आमची दहा वर्षांची कन्या टंकलेखनाला बसली. ती येथील हिंदी शाळेत जाते. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ती मराठी बोलते, घरीही बोलते. पण वाचताना अडखळते, आणि ‘ळ’ हे अक्षर तिच्या बोटांना ठाऊकच नाही. ‘भाऊ तळ्यात उभा’ हे वाक्य तिने ‘भाऊ तल्यात उभा’ असे उतरविले. ह्या अडखळण्याचे आम्हांला मनातून दुःख आहे. सरकारी नोकराच्या मुलाची मातृभाषा बदलीच्या हुकुमाबरोबर थोडी थोडी बदलत जाते, हे आमच्या बहुतेक वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पहिल्याच परीक्षेत यंत्राने आमची फजिती केली. नमुन्यादाखल आम्ही काही सुटे शब्द घातले होते: काका, मामा, नवीन, नयन; आणि यंत्राची पारख व्हावी म्हणून पाप, लाल, बाब असे काही चुकीचेही. यंत्राने ‘नयन’ मान्य केला. परंतु त्याने ‘काका’, ‘मामा’ आणि ‘नवीन’ ह्यांना बाहेरची वाट दाखविली, आणि ‘पाप’ला सन्मानाने आत घेतले! ‘लाल’ आणि आमच्या कचेरीची लाडकी ‘बाब’ हीही आत गेली. काका नाकारून पाप स्वीकारणारे हे यंत्र पाहून कन्या हसत सुटली.

कारण शोधायला रविवार गेला. आपण ‘का’ हे एक अक्षर समजतो. यंत्राच्या लेखी ती दोन चिन्हे आहेत: एक ‘क’ आणि एक काना. देवनागरीला युनिकोडमध्ये जी १२८ जागांची चाळ मिळाली आहे, तीत क, काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. म्हणून ‘काका’ म्हणजे क, काना, क, काना. उलट वाचल्यास काना, क, काना, क. आणि ‘पाप’ म्हणजे प, काना, प. उलट वाचले तरी तेच. आपल्या लिपीचा घटक अक्षर आहे, चिन्ह नव्हे, हे आमच्या पूर्वजांना न सांगता कळत होते. यंत्राला ते शिकवावे लागते. आम्ही साचा बदलला. ‘एक व्यंजन किंवा स्वर, हवी असल्यास हलन्ताने जोडलेली आणखी व्यंजने, त्यावर हवी तर मात्रा, त्यावर हवा तर अनुस्वार’ हे सगळे मिळून एक अक्षर, असे त्यास बजावले. काका आणि मामा परत आले, पाप बाहेर गेले, आणि ‘मध्यम’सारखा जोडाक्षरी शब्दही नीट बसला. ह्या जोडाक्षराची अडचण केवळ आमची नव्हती. मजकुराचे तुकडे कोठे पाडावेत ह्याच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांतही ‘ध्य’चे ‘ध्’ आणि ‘य’ असे दोन तुकडे पडत असत. देवनागरीची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम २०२३ साली, १५.१ व्या आवृत्तीत आला. ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ ह्या अकरा अक्षरांच्या वाक्याचा सारा तोल मधल्या ‘प्या’वर आहे, तो फोडला की वाक्य कोसळते.

आता वहीतील वाक्ये एकामागून एक उतरू लागली. मधली मोकळी जागा आणि विरामचिन्हे काढून टाकावयाची आणि साच्यात घालावयाचे. ‘काका, वाचवा, काका!’ हे आजोबांचे आवडते वाक्य. १७७३ साली शनिवारवाड्यात घुमलेल्या हाकेची त्यांना त्यात आठवण येई. तेही उतरले. पण ‘चिमा काय कामाची’ अडले. आम्ही पुन्हा पाहिले. आरंभी ‘चि’ ह्रस्व आहे, शेवटी ‘ची’ दीर्घ. पिढ्यान् पिढ्या मराठी मुले जे वाक्य विलोमपदांचा राजा म्हणून सांगत आली, ते लेखनात विलोमपद नाहीच! तीच गत ‘भाऊ तळ्यात उभा’ची: एकीकडे दीर्घ ऊ, एकीकडे ह्रस्व उ. आणि तीच ‘तो कवी डालडा विकतो’ची: जाताना ‘वी’, येताना ‘वि’.

“बाबा, तुमचं मशीन चुकतंय,” कन्या म्हणाली. “बोलून बघा ना. सारखंच तर ऐकू येतं.” ती दोन्हीकडून वाक्य म्हणून दाखवू लागली, आणि आमच्या कानाला खरोखरच भेद जाणवेना.

तेवढ्यात वहीकडे आमचे लक्ष गेले. आजोबांनी ‘तो कवि डालडा विकतो’ असे लिहिले होते, ‘कवि’, ह्रस्व. आम्ही टंकताना सवयीने दीर्घ केले होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, आणि संस्कृतातून आलेले ‘कवि’, ‘मति’ यांसारखे शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहावे असे ठरले. आजोबांचा हात त्यापूर्वीच बसला होता. त्यांच्या लेखनात हे वाक्य नऊ अक्षरांचे निर्दोष विलोमपद होते. नियम बदलला आणि कवीच्या एका वेलांटीने त्याचा परतीचा रस्ता बंद झाला.

मग आम्ही यंत्राला थोडी उदारता शिकविली: तपासण्यापूर्वी सर्व दीर्घ इकार-उकार ह्रस्व करून घ्यावे. असे करणे म्हणजे लबाडी नव्हे काय, अशी शंका मनात आली. पण आमचे जुने शास्त्रच आमच्या बाजूचे निघाले. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात आणि माघाने ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात उलटसुलट वाचता येणारे श्लोक घातले आहेत. अशा चित्रकाव्यात अनुस्वार-विसर्गांच्या कमीअधिकाने चित्र भंगत नाही, आणि ब-व, ड-ल यांचा भेद धरू नये, अशी सवलत अलंकारशास्त्राने देऊन ठेवलेली आहे. ह्या कलेचा मोठा अधिकारी तर आपल्या गोदातीरावरचाच. १६ व्या शतकातील पार्थपूरचा सूर्यदैवज्ञ हा ज्योतिषी आणि गणिती होता, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्याची टीका आहे, त्यानेच ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यातले श्लोक सरळ वाचावे तर रामकथा निघते आणि उलट वाचावे तर कृष्णकथा. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील आजची पाथरी, असे मानतात. गणिती माणसाला ह्या खेळाची ओढ असावी, ह्याचे आम्हांला आता आश्चर्य वाटत नाही.

ह्या खेळाच्या मुळाशी एक गंभीर गणित आहेच. साच्यांच्या विद्येचा पाया अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी ह्याने घातला; त्याचा निबंध १९५६ साली छापला गेला. १९६८ साली केन टॉम्प्सनने मजकुरात शोध घेण्यासाठी ती विद्या यंत्रावर चालविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. परंतु १९५६ सालीच नोम चॉम्स्कीने दाखवून दिले होते की, मोजक्या अवस्थांच्या यंत्राला आरशातल्या प्रतिबिंबासारखी रचना पेलत नाही. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर आणि रायपूर ही एका प्रांतातली दोन शहरे दोन राज्यांत गेली, हा निव्वळ योगायोग, पण रायपूरच्या मराठी माणसास आठवतो.) कारण समजावयास कारकुनाला जड नाही. आवक टेबलावरचा असा एक मनुष्य कल्पावा की, ज्याला समोरचा कागद दिसतो आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत एवढेच आठवते. मागले काही आठवत नाही. पायऱ्या शंभर असोत की हजार, मोजक्याच. अक्षरे पुढे पुढे सरकत आहेत तोवर तो वाक्याबरोबर सुखाने चालतो. परंतु मध्य ओलांडून परत फिरताना, जाताना काय काय लागले हे ओळीने आठवावे लागते, आणि वाक्य कितीही लांब असू शकते. मोजक्या स्मृतीला ते साधत नाही. आमच्या साच्यातील कंसांची आठवण ही मूळ विद्येवर मागाहून चढविलेली माडी आहे. आणि जुन्या साधनांत अशा आठवणीचे नऊच कप्पे असतात. जाताना नऊ अक्षरे, मध्ये एक, येताना नऊ. एकोणीस अक्षरांपलीकडे यंत्र हात जोडते. नव्या काही साधनांत स्वतःलाच आतून पुन्हा हाक मारणारा साचा लिहिता येतो व ही मर्यादा हटते. पण तेथेही युक्ती एकच, गेलेले सारे सांभाळून ठेवावयाचे.

परत येण्यासाठी जाण्याची आठवण लागते, हे गणित आम्ही सात वर्षे परमुलुखात राहून शिकलो नव्हतो. आमच्या खात्यातील मंडळींत एक विनोद आहे की, दोन्हीकडून सारखेच वाचता येणारे बदलीचे ठिकाण एकच: कटक. बाकी सर्व ठिकाणी माणूस जातो एक आणि परततो दुसराच.

रविवारी रात्री वही संपत आली होती. कन्येने शेवटचे पान उलटले आणि ती थांबली.

“बाबा, हे अर्धंच आहे. आणि खाली काहीतरी लिहिलंय.”

आम्ही वही हाती घेतली. डाव्या पानावर आजोबांचे अक्षर, पण ओळखू न येण्याइतके थरथरते. दोनच शब्द: ‘तो हसत’. खाली, कचेरीत आम्ही रोज लिहितो तेच: ‘उत्तर उलट टपाली.’ उजवे पान कोरे होते.

ते पान आम्ही चार वर्षांपूर्वी उलटले असते, तर आजोबांना उत्तर मिळाले असते. पाच महिने ते वाट पाहत होते किंवा नव्हते, हे सांगणारा आता कोणी नाही. आम्ही चश्मा काढून पुसू लागलो. यंत्राचा येथे काही उपयोग नव्हता. पुरे झालेले वाक्य ते तपासू शकते, अर्धे पुरे करू शकत नाही.

कन्येने वही स्वतःकडे ओढली. तिने पणजोबांना फारसे पाहिले नाही, आणि त्यांची रीतही तिला कोणी शिकविली नव्हती. पण दोन दिवसांच्या त्या तपासणीत ती तिला आपोआप कळली होती. बोट अक्षरांवर ठेवून ती पुढे गेली: तो, ह, स, त. आणि मग तशीच मागे आली: स, ह, तो.

“तो हसत... सहतो,” ती म्हणाली. “सहतो म्हणजे ‘सहता है’ ना, बाबा? सहना?”

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. मराठीत आम्ही रोज ‘सोसतो’ म्हणतो. ‘सहणे’ आमच्या तोंडून कित्येक वर्षांत गेले नव्हते, ते पुस्तकातच राहिले होते. जी हिंदी आमच्या मुलीची मराठी पुसून टाकते म्हणून आम्ही मनातल्या मनात कुढत होतो, तिनेच आजोबांचा शब्द आमच्या मुलीला उजळून दाखविला होता. ह्याच छत्तीसगडात पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांची मातृभाषा मराठी होती. ही वाट दोन्हीकडून चालण्याची आहे, एवढे आम्हांला त्या रात्री समजले.

तिने वाक्य यंत्रात घातले. सात अक्षरे, कोणतीही सवलत न घेता उतरली. मग पेन्सिलीने उजव्या पानावर तिने ‘सहतो’ असे लिहिले. तिचे अक्षर आमच्या त्या वयातल्या अक्षराहून बरे आहे.

उत्तर पाठवावयास आता पत्ता नाही. म्हणून पुढले डावे पान आम्ही घेतले, त्यावर ‘तो रस’ एवढेच लिहिले आणि वही तिच्यापुढे सरकविली. दहा मिनिटांत उजव्या पानावर ‘सरतो’ लिहून वही परत आली, आणि लगेच दुसऱ्या अर्ध्या ओळीची मागणी झाली. आमच्यापाशी दुसरी तयार नव्हती. आजोबांची विद्या आमच्यात पुरती उतरलेली नाही. वाचकांपैकी कोणापाशी एखादे चांगले अर्धे वाक्य असल्यास कृपा करून उलट टपाली कळवावे. ह्या खेपेस आमच्याकडून विलंब होणार नाही.